पाच मिनिटांच्या जोडणीआधी दोन दिवसांचं काम

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मी नीट समजलोय का ते तुम्हालाही कळेल. रबाळे एमआयडीसीत पस्तीस माणसांची फॅब्रिकेशन कंपनी आहे. कामांचा माग ठेवायला ओपनप्रोजेक्ट घेतलंय. ड्रॉइंगं, बीओक्यू (कामातल्या मालाची परिमाणांसहित यादी), साइटचे फोटो, पत्रव्यवहार हे सगळं मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये आहे, काही शेअरपॉइंटवर, म्हणजे कंपनीच्या सामायिक साठवणीत, काही लोकांच्या आपापल्या वनड्राइव्हमध्ये. प्रत्येक कामापाशी त्याची फाईल दिसावी म्हणून दोन्ही जोडायचं आहे. सॉफ्टवेअर विकणारा म्हणतो पाच मिनिटांचं काम आहे. आठवड्यातून दोनदा येणारा तुमचा आयटीवाला म्हणतो, "एवढी परवानगी मी देणार नाही." कोणाचं ऐकावं?

आयटीवाल्याचं ऐका. पण तो नाही म्हणतोय म्हणून विषय बंद करू नका. "एवढी" नको तर "केवढी" चालेल, हे त्याला विचारा. माझ्या मते सगळी गोम त्या एका शब्दात आहे, आणि खाली बराचसा वेळ मी त्यावरच घालवणार आहे.

मी वागळे इस्टेटमध्ये बसतो. गेली सोळा वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कंपन्यांची हीच कामं करतोय. आधी टेबलाखालचे सर्व्हर होते, आता क्लाऊड आहे. या काळात जोडणीच जमली नाही म्हणून अडलेली कंपनी मला क्वचितच भेटली. जोडणी झाल्यावर महिनाभराने "याच्यापेक्षा आधीचं बरं होतं" म्हणणाऱ्या मात्र बऱ्याच भेटल्या. त्यांनी दोन गोष्टी आधी ठरवलेल्या नव्हत्या. मूळ फाईल नक्की कुठे राहणार, आणि कोणाला काय दिसणार हे कोणती यादी ठरवणार. ओपनप्रोजेक्टमध्ये सभासदांची एक यादी असते, शेअरपॉइंटमध्ये परवानग्यांची दुसरी. जोडल्यावर या दोन याद्या एकमेकींना भिडतात.

एक गोष्ट आजच तपासून घ्या. ओपनप्रोजेक्टची वनड्राइव्ह-शेअरपॉइंटशी जोडणी त्यांच्या एंटरप्राइझ आवृत्तीत येते, फुकटच्या कम्युनिटी आवृत्तीत नाही. कम्युनिटीत नेक्स्टक्लाऊड या फायली ठेवायच्या दुसऱ्या सोयीशी जोडता येतं, पण तुमच्या फायली तिथे नाहीत. तुमच्याकडे कुठली आवृत्ती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कम्युनिटी असेल तर आधी खर्चाचा हिशेब करा, पुढचं नंतर वाचा. आणि हे वाचणारे दुसरे कोणी जिरा, असाना किंवा क्लिकअप वापरत असतील तर पडद्यावरची बटणं वेगळी असतील, विचार मात्र हाच करावा लागेल.

आता मूळ फाईल. कामाला फाईल लावण्याचे दोन प्रकार असतात. एक म्हणजे फाईल कामात चढवायची, म्हणजे अटॅचमेंट. तिथे प्रत तयार होते. दुसरा म्हणजे फाईल जिथे आहे तिथेच ठेवून कामात फक्त तिची लिंक लावायची. ऐकायला किरकोळ फरक वाटतो. तो किती महाग पडतो ते मी पावण्यातल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये पाहिलंय. कॉलमच्या बेस प्लेटचं ड्रॉइंग होतं. आर-टू मध्ये, म्हणजे त्याच्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीत, बोल्टच्या भोकांतलं अंतर १८० मिलिमीटर. सल्लागाराने बदल सुचवला, डिझाइनच्या मुलीने त्याच दिवशी आर-थ्री करून शेअरपॉइंटवर टाकलं, त्यात अंतर २००. तिने तिचं काम चोख केलं होतं. पण कामाच्या कार्डावर कोणीतरी पंधरवड्यापूर्वी आर-टूची पीडीएफ चढवून ठेवली होती. शॉपमधल्या सुपरवायझरने कार्ड उघडलं, समोर दिसलेली पीडीएफ छापली आणि चोवीस प्लेटा ड्रिल करून घेतल्या. साइटवर अँकर बोल्टवर प्लेट बसेना तेव्हा उलगडा झाला. मी त्या प्लेटा भिंतीला टेकवून ठेवलेल्या पाहिल्या, प्रत्येकीवर खडूने फुली मारलेली. सुपरवायझरला सगळे बोलत होते आणि तो बिचारा छापलेला कागद पुढे करून म्हणत होता, "सिस्टीममधूनच काढलंय हो." त्याचं अगदी बरोबर होतं. सिस्टीमने त्याला दोन खऱ्या फायली दिल्या होत्या.

म्हणून माझा पहिला नियम असा, की बदलू शकते ती प्रत्येक फाईल शेअरपॉइंटवरच राहील आणि कामात तिची लिंक लागेल. अटॅचमेंट फक्त कधीच न बदलणाऱ्या गोष्टींची, उदाहरणार्थ साइटवरचा फोटो, सहीशिक्क्याची पोच, एमआयडीसीकडून आलेलं पत्र. ओपनप्रोजेक्टमध्ये कामाच्या फाईल्स टॅबवर अटॅचमेंट आणि जोडलेली साठवण असे दोन वेगळे भाग दिसतात. कुठल्या भागात काय टाकायचं हे लोकांना पहिल्याच दिवशी शेजारी बसून दाखवा. नुसती मेल पाठवून हे होत नाही.

आणखी एक कारण खास तुमच्या धंद्याचं आहे. ऑटोकॅडच्या फायली एकट्या नसतात. एका डीडब्ल्यूजीत, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंग फायलीत, दुसऱ्या फायलींचे एक्सरेफ, म्हणजे बाहेरून जोडलेले संदर्भ, असतात, ग्रिड, आर्किटेक्टचा प्लॅन, टायटल ब्लॉक. मुख्य फाईल त्यांना फोल्डरच्या वाटेने शोधते. ती एकटी उचलून कामात चढवलीत तर एक्सरेफ मागेच राहतात आणि उघडणाऱ्याला अर्धवट ड्रॉइंग दिसतं. फायली जागच्या जागी राहिल्या तर हा प्रश्न येत नाही, फक्त एक्सरेफची वाट रिलेटिव्ह, म्हणजे मुख्य फाईलच्या जागेपासून धरलेली, ठेवायला तुमच्या ड्राफ्ट्समनना सांगा. आणि वर्डसारखं दोघांनी एकाच वेळी एका डीडब्ल्यूजीत काम करता येत नाही हेही सांगा. दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरवर सिंक केलेली तीच फाईल उघडून सेव्ह केली, तर वनड्राइव्ह दुसरी प्रत करून ठेवतो आणि तिच्या नावामागे कॉम्प्युटरचं नाव चिकटवतो. तुमच्या फोल्डरांमध्ये अशा शेपटीच्या फायली नक्की सापडतील. ड्रॉइंगमध्ये बदल करण्याआधी ते शेअरपॉइंटवर चेक-आउट करायची, म्हणजे आपल्या नावावर घ्यायची, सवय लावा, म्हणजे दुसऱ्याला ते कळतं.

आता लोकांच्या आपापल्या वनड्राइव्हमध्ये असलेल्या फायली. तुमच्या मजकुरात हे वाक्य ओझरतं आलंय, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. कंपनीने दिलेला असला तरी तो वनड्राइव्ह त्या माणसाच्या खात्याला बांधलेला असतो. माणूस सोडून गेला, खातं काढून टाकलं, की मूळ सेटिंग बदललेलं नसेल तर त्याचा वनड्राइव्ह ३० दिवस राहतो आणि मग पुसला जातो. आपल्याकडे माणूस गेला की लायसन्सचे पैसे वाचवायला खातं त्याच आठवड्यात काढतात, आणि फायलींची आठवण तीन महिन्यांनी बिल अडकलं की होते. प्रोजेक्टच्या सगळ्या फायली शेअरपॉइंटच्या साइटवर हलवा. ती साइट कंपनीची असते, कोणी आलं-गेलं तरी जागेवर राहते.

हे हलवायचं काम जोडणीच्या आधीच करायचं. का ते सांगतो. अशी जोडणी फाईलला तिच्या नावाने ओळखत नाही, आतल्या ओळख क्रमांकाने ओळखते. त्याच लायब्ररीत, म्हणजे साइटमधल्या फायलींच्या त्याच साठ्यात, तुम्ही फाईलचं नाव बदललंत किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकलीत तरी तो क्रमांक तोच राहतो, लिंक चालू राहते. पण एका साइटवरून दुसऱ्या साइटवर, किंवा वनड्राइव्हवरून शेअरपॉइंटवर नेली की तिथे तिला नवा क्रमांक मिळतो आणि कामात लावलेली लिंक मरते. आधी जोडून, दोनशे कामांना लिंका लावून, मग फायली आवरायला घेतल्या तर दोनशे लिंका पुन्हा लावाव्या लागतील. हलवताना "मूव्ह टू" वापरा, "कॉपी टू" नको. मूव्हमध्ये जुन्या आवृत्त्यांचा इतिहास बरोबर येतो, कॉपीत फक्त शेवटची आवृत्ती येते. आर-टू कधी होतं आणि आर-थ्री कधी झालं हे वाद झाला की दाखवावं लागतं, त्यामुळे तो इतिहास तुमच्यासाठी पैशासारखा आहे.

फायली हलवतानाच नावंही आवरा. शेअरपॉइंटला नावात तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारा या खुणा चालत नाहीत, आणि आपण तारखा तिरक्या रेघा देऊनच लिहितो. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर करत गेलं की वाट लांबते. शेअरपॉइंट ४०० अक्षरांपर्यंत सोसतं, पण विंडोजवरचे बरेच प्रोग्राम अजूनही २६० च्या पुढे अडतात, आणि मग ब्राउझरमध्ये उघडणारी फाईल सिंक केलेल्या फोल्डरातून उघडत नाही. मराठी नावांचं विचारलंत, तर ती खुशाल द्या, शेअरपॉइंटला चालतात. एवढंच, की ब्राउझरच्या पत्त्यातून लिंक कॉपी केली की देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात आणि व्हॉट्सअॅपवर वीतभर लांब दोर येतो. मी प्रोजेक्टच्या फोल्डरला छोटा क्रमांक देतो आणि मराठी नाव प्रोजेक्टच्या वर्णनात लिहितो.

आता "एवढी परवानगी".

जोडणी करताना मायक्रोसॉफ्टच्या एंट्रा आयडीमध्ये, म्हणजे खाती आणि परवानग्या सांभाळणाऱ्या सेवेत (२०२३ पर्यंत तिला अझ्युअर एडी म्हणायचे), ओपनप्रोजेक्टची एक अॅप म्हणून नोंद करावी लागते आणि त्या अॅपला परवानग्या द्याव्या लागतात. त्या दोन जातीच्या असतात. एक डेलिगेटेड. यात अॅप लॉगिन केलेल्या माणसाच्या वतीने काम करतं, त्या माणसाला जे दिसतं त्यापलीकडे त्याला काही दिसत नाही. दुसरी अॅप्लिकेशन परवानगी. यात कोणी माणूस लागत नाही, अॅप स्वतःच्या अधिकाराने रात्री दोन वाजताही आत जाऊ शकतं. या दुसऱ्या जातीत "फाइल्स रीडराइट ऑल" नावाची परवानगी दिलीत तर अॅपला कंपनीच्या सगळ्या साइटवरच्या सगळ्या फायली वाचता आणि बदलता येतात. तुमच्या मालकांचे बँकेचे कागद, पगारपत्रकं, लोकांच्या आधारच्या प्रती, सगळ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही माहिती सांभाळायची जबाबदारी कंपनीवरच टाकली आहे. तुमचा आयटीवाला बहुधा याच ओळीपाशी थांबलाय, आणि थांबला ते बरोबर केलं.

सोसायटीत पाण्याच्या टाकीचं काम करायला प्लंबर आला तर आपण त्याला टाकीच्या खोलीची किल्ली देतो, एकशे वीस फ्लॅटच्या किल्ल्यांचा जुडगा देत नाही. तशी एकाच खोलीची किल्ली इथेही आहे. तिचं नाव "साइट्स सिलेक्टेड". या परवानगीत अॅपला फक्त तुम्ही नेमून दिलेल्या साइटवर जाता येतं. म्हणून प्रोजेक्टच्या फायलींसाठी स्वतंत्र साइट करायची, हिशेब आणि एचआर दुसऱ्या साइटवर ठेवायचं, आणि अॅपला पहिलीच नेमून द्यायची. आयटीवाल्याला हे सांगा, तो बहुतेक लगेच हो म्हणेल. एक खाचखळगा त्याच्या कानावर घाला. "साइट्स सिलेक्टेड"ला अॅडमिनची मंजुरी दिली म्हणजे काम झालं असं नसतं. मंजुरीनंतर अॅपला कुठल्याच साइटवर प्रवेश नसतो. साइटचं नाव घेऊन वेगळी आज्ञा द्यावी लागते, मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेल किंवा ग्राफ या साधनांतून. ही दुसरी पायरी विसरून "मंजुरी दिली तरी फोल्डर येत नाहीत" म्हणून लोक मला फोन करतात.

यानंतर ओपनप्रोजेक्ट विचारतं, की प्रोजेक्टचे फोल्डर त्याने आपोआप सांभाळायचे की तुम्ही हाताने. आपोआप निवडलंत तर प्रत्येक प्रोजेक्टचा फोल्डर ते स्वतः करतं आणि प्रोजेक्टमध्ये जे सभासद असतील त्यांना, त्यांच्या भूमिकेप्रमाणे, फोल्डरवर हक्क लावत राहतं. म्हणजे त्या फोल्डरांपुरती ओपनप्रोजेक्टची यादी मुख्य झाली. शेअरपॉइंटमध्ये जाऊन कोणी हाताने केलेले बदल टिकतील असं धरून चालू नका. हाताने निवडलंत तर शेअरपॉइंटची यादी मुख्य राहते आणि ओपनप्रोजेक्टमध्ये फक्त लिंका लागतात. ज्याला फाईलचा हक्क नाही त्याला काम दिसेल, फाईल उघडणार नाही.

कुठलं बरं, ते तुमच्याकडे बाहेरचे किती आहेत यावर आहे. सगळे घरचेच असतील आणि माणसं या प्रोजेक्टवरून त्या प्रोजेक्टवर सतत फिरत असतील, तर आपोआप घ्या, डोक्याचा ताप कमी होतो. पण इरेक्शनचा, म्हणजे साइटवर उभारणी करणारा, ठेकेदार, ग्राहकाचा सल्लागार असे लोक तुम्ही ओपनप्रोजेक्टमध्ये घेणार असाल तर मी हाताने सुरुवात करायला सांगेन. कारण साधं आहे. तारखा कळाव्यात म्हणून कोणीतरी ठेकेदाराला प्रोजेक्टमध्ये सभासद करणार, आणि फोल्डरमध्ये तुमची दरांसहितची बीओक्यू असणार. तारखा दाखवायला गेलात आणि दर दाखवून बसलात असं व्हायला नको. दोन्हीपैकी काहीही निवडा, पण दर, बिलं आणि करार यांची लायब्ररीच वेगळी करा, आणि ती जोडूच नका. एकाच फोल्डरच्या पोटात या फाईलला हा हक्क, त्या फाईलला तो हक्क अशी गुंतागुंत करणाऱ्या कंपन्या मी पाहिल्यात. वर्षभरानंतर कोणाला काय दिसतं हे तिथे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

प्रत्यक्ष जोडणी मग खरंच अर्ध्या तासाची आहे. टेनंटचा, म्हणजे तुमच्या कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्याचा, आयडी, लायब्ररीचा ड्राइव्ह आयडी, अॅपचा आयडी आणि क्लायंट सिक्रेट, म्हणजे त्याचा पासवर्ड, ओपनप्रोजेक्टमध्ये भरायचं, आणि तिथून मिळालेला रीडायरेक्ट पत्ता (लॉगिननंतर परत येण्याचा) एंट्रामध्ये जसाच्या तसा ठेवायचा. एका अक्षराचा फरकही चालत नाही. सिक्रेट करताना समोर दोन रकाने येतात, एकात सिक्रेटचा आयडी आणि दुसऱ्यात व्हॅल्यू. आपल्याला व्हॅल्यू हवी, आणि ती फक्त एकदाच दिसते. पान बदललं की झाकली जाते. तेव्हाच कॉपी करून कंपनीच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, व्हॉट्सअॅपवर एकमेकांना पाठवू नका. त्यानंतर प्रत्येक माणसाने ओपनप्रोजेक्टमधून एकदा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करायचं. हे सांगितलं नाही तर पहिल्या दिवशी निम्मे लोक "मला काही दिसत नाही" म्हणत तुमच्या टेबलापाशी उभे राहतात.

सिक्रेटला मुदत असते. पोर्टलमधून जास्तीत जास्त २४ महिन्यांची देता येते. महापेतल्या एका ऑफिसात सोमवारी सकाळी सगळ्यांच्या कामांतल्या फायली एकदम दिसेनाशा झाल्या. नेटवाल्याला बोलावलं, राऊटर बदलला, दुपारी मला फोन आला. शनिवारी सिक्रेट संपलं होतं. ते करणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि मुदतीची नोंद त्याच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्ये होती. फायली सगळ्या जागेवर सुखरूप होत्या, पण संध्याकाळपर्यंत ऑफिस ठप्प राहिलं. म्हणून मुदतीची तारीख ओपनप्रोजेक्टमध्येच एक काम म्हणून टाका, महिनाभर आधीची, आणि ते काम दोन माणसांच्या नावावर ठेवा. अॅपच्या नोंदीचे मालकही दोन असू द्या. इतर काही टूल्समध्ये तर सगळी जोडणी एकाच माणसाच्या लॉगिनवर चालते, तिथे तो माणूस गेला की जोडणी त्याच्याबरोबर जाते. तसं असेल तर जोडणीसाठी कंपनीचं वेगळं खातं करा.

एक गैरसमज दूर करतो, कारण तुमच्या प्रश्नात "आता बॅकअपही आपोआप होईल ना" असं आलंय. नाही होणार. लिंकमधून फाईलची प्रत कुठेच होत नाही. शेअरपॉइंटवर पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये ९३ दिवस राहते, आवृत्त्या सेटिंगप्रमाणे राहतात, त्यापलीकडे हवं असेल तर बॅकअपची वेगळी सोय करावी लागेल.

सुरुवात एका चालू प्रोजेक्टवर करा, सगळ्यांवर नको. तो निवडताना ज्याचं ड्रॉइंग अजून बदलतंय असा निवडा, संपत आलेला निवडलात तर काहीच कळणार नाही. दोन आठवडे चालवा आणि मी नेहमी करतो त्या तपासण्या स्वतः करा. लिंक लावलेल्या एका फाईलचं नाव बदला आणि कामातून उघडून पाहा. तीच फाईल त्याच लायब्ररीत दुसऱ्या फोल्डरमध्ये टाका, पुन्हा उघडा. मग ज्याला हक्क नसावा अशा माणसाच्या शेजारी बसा, त्याच्या लॉगिनने काम उघडायला सांगा आणि पडद्यावर काय येतं ते डोळ्यांनी पाहा. शेवटी शॉपमध्ये जा आणि सुपरवायझरला मोबाइलवरून चालू ड्रॉइंग काढून दाखवायला सांगा. त्याला दोन मिनिटांच्या आत, कोणाला न विचारता, शेवटची आवृत्ती मिळाली तर बाकीचे प्रोजेक्ट जोडायला हरकत नाही. नाही मिळाली तर तो नेमका कुठे अडखळला ते लिहून घ्या.

साधारण किती फायली लोकांच्या वनड्राइव्हमध्ये आहेत आणि त्यातल्या किती जणांच्या कॉम्प्युटरवर त्या सिंक केलेल्या आहेत, एवढं इथेच कळवा. हलवायचा क्रम त्यावर ठरतो, तो मी लिहून देईन.